गृहकर्जदारांना सरकारी सवलत: नेमकी कोणाला मिळाली, आणि ती न्याय्य होती का?

हिशेबनीस

हप्ते थकलेल्यांना सरकारने हात द्यावा का, हा विषय निघाला की दोन बाजू लगेच पडतात. एक म्हणते, आम्ही पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले, मग त्यांना माफी का? दुसरी म्हणते, बड्यांची कर्जे निर्लेखित होतात, मग मध्यमवर्गीयाच्या दोन खोल्यांचाच लिलाव का? वाद घालण्याआधी २०२० साली कोविडच्या काळात प्रत्यक्ष काय दिले गेले ते आकड्यांत पाहावे, म्हणून हा धागा.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी १ मार्च ते ३१ मे या काळातले हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली आणि मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. एकूण सहा महिने. हप्ता न भरला तरी खाते थकित धरायचे नाही आणि सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) डाग पडणार नाही, एवढेच त्यात होते. व्याज चालूच होते आणि ते मुदलात मिळत होते.

उदाहरण घेऊ. शिल्लक मुद्दल ३० लाख, व्याज ८ टक्के, उरलेली मुदत १५ वर्षे. हप्ता येतो साधारण २८,६७० रुपये. सहा महिने काहीच भरले नाही तर मुद्दल ३१,२२,०१८ होते. हप्ता तोच ठेवला तर पुढे १८० ऐवजी जवळपास १९५ हप्ते लागतात. म्हणजे जास्तीचे सुमारे १५ हप्ते, सव्वाचार लाखांच्या आसपास. सहा हप्ते पुढे ढकलण्याची ही किंमत. कर्जाचा शेवटचा महिना मूळ तारखेलाच ठेवायचा असेल, तर उरलेल्या १७४ महिन्यांसाठी हप्ता ३०,३७० च्या घरात जातो.

कर्ज जितके नवे तितका फटका मोठा. त्याच ३० लाखांची २० वर्षे उरली असतील तर जास्तीचे हप्ते २६ होतात, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक. उलट १० लाख शिल्लक आणि ५ वर्षे उरलेल्याला फक्त तीन हप्ते जास्त पडतात. कारण उघड आहे. सुरुवातीच्या हप्त्यात व्याजाचाच वाटा मोठा असतो, मुदलाला जेमतेम काही हजार जातात. मुद्दल लाखाने फुगले की ते फेडायला त्या काही हजारांच्या गतीने वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

एवढ्यापुरती माझी बाजू स्पष्ट मांडतो: याला माफी म्हणणे चूक आहे. ज्याने ही मुभा घेतली त्याने तिचे पैसे मोजले.

पोटतिडीक

हिशेब मान्य. पण ऑक्टोबर २०२० ची सानुग्रह योजना विसरलात का? ती तर थेट सरकारी तिजोरीतून होती. ज्यांनी हप्ते थकवले त्यांना करदात्यांचे पैसे दिले गेले, हे तरी न्याय्य कसे?

हिशेबनीस

पोटतिडीक, विसरलो नाही, मुद्दाम वेगळी ठेवली होती. कारण त्या योजनेबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज तुमच्याच प्रतिसादात आहे.

२३ ऑक्टोबर २०२० ची ती योजना थकवणाऱ्यांपुरती नव्हती. ज्याने सहाही हप्ते वेळेवर भरले, त्यालाही रक्कम मिळाली. अट एवढीच: सर्व कर्जे मिळून २ कोटींपर्यंत आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी खाते अनुत्पादक (९० दिवसांहून अधिक थकलेले) नसावे. गृहकर्जाबरोबर शिक्षण, वाहन, घरगुती वस्तू, क्रेडिट कार्ड, छोटे उद्योग अशी एकूण आठ प्रकारची कर्जे त्यात होती. अर्ज करायचा नव्हता. ५ नोव्हेंबरपर्यंत रक्कम खात्यात जमा करायची आणि मग धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेने, ती स्टेट बँकेमार्फत सरकारकडून वसूल करायची, अशी रचना होती.

आता रक्कम किती? सहा महिन्यांचे चक्रवाढ व्याज वजा सरळव्याज. वरच्या ३० लाखांच्या कर्जावर चक्रवाढ व्याज १,२२,०१८, सरळव्याज १,२०,०००. फरक २,०१८ रुपये. सव्वाचार लाखांच्या बोज्यापुढे दोन हजार! १० लाखांचे कर्ज असेल तर ६७३ रुपये. २ कोटींचे असेल तर १३,४५२.

म्हणजे ज्याची ऐपत मोठी, कर्ज मोठे, त्याला जास्त. पगार एक दिवसही न थांबलेल्यालाही तेवढेच. नोकरी गेलेल्याला दोन हजार. अन्याय शोधायचा तर मला तो इथे दिसतो. मदत गरजेवर न मोजता कर्जाच्या आकारावर मोजली गेली.

पासबुक

ठेवीदाराची बाजू इथे कोणी घेतली नाही, म्हणून लिहिते.

'सहा महिन्यांचे सगळे व्याजच माफ करा' अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली होती. तसे सर्व कर्जांना केले तर ६ लाख कोटींहून अधिक रक्कम सोडावी लागेल, असे केंद्राने तिथे सांगितले. ही रक्कम आभाळातून येत नाही. बँक कर्ज देते ते मुख्यतः ठेवींतून. त्या ठेवींवर पेन्शनर, देवस्थानाचे विश्वस्त मंडळ, सोसायटीचा देखभाल निधी असे कितीतरी जण व्याजाची वाट पाहत असतात. त्यांचे व्याज त्या सहा महिन्यांत थांबले नव्हते.

२३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने नेमका हाच विचार केला. संपूर्ण व्याजमाफी नाकारली, स्थगितीचा काळ आणखी वाढवायलाही नकार दिला. मात्र त्या सहा महिन्यांसाठी व्याजावर व्याज किंवा दंडव्याज कोणाकडूनही घ्यायचे नाही, घेतले असेल तर परत करा किंवा पुढच्या हप्त्यात वळते करा, असे सांगितले. २ कोटींची मर्यादाही त्यासाठी राहिली नाही. ७ एप्रिल २०२१ ला रिझर्व्ह बँकेने तसे परिपत्रक काढले.

मला ही रेषा योग्य वाटते. व्याज हे वापरलेल्या पैशाचे भाडे आहे, ते द्यायलाच हवे. पण सरकारनेच सांगितले की घरात बसा, हप्ता पुढे ढकला, आणि मग त्याच ढकललेल्या हप्त्याबद्दल दंड लावायचा, हे पटणारे नाही.

रानवारा

पासबुकताई, रेषा योग्य असेलही. पण त्या रेषेच्या पूर्ण बाहेर राहिलेले लोक कोणाच्या बोलण्यात येत नाहीत.

पतसंस्था. महाराष्ट्रात गावोगावी घरदुरुस्तीला, एक खोली वाढवायला, पत्र्याचे छप्पर काढून स्लॅब टाकायला लोक पतसंस्थेकडे जातात. पगाराची स्लिप नसते, गावठाणातल्या घराची कागदपत्रे बँकेच्या चौकटीत बसत नाहीत. नागरी सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असते, पतसंस्था नसते. ती राज्याच्या सहकार खात्याकडे. त्यामुळे मार्चची स्थगिती तिला लागू नव्हती आणि सानुग्रह योजनेतल्या धनकोंच्या यादीतही ती नव्हती. बँकेपेक्षा चढ्या व्याजाने कर्ज घेतलेला माणूस दोन्हींतून वगळला गेला. वसुलीलाही त्याच्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम १०१ चालते: निबंधकाचा वसुली दाखला, आणि मग विशेष वसुली अधिकारी दारात. जामीनदार दोघे असतील तर तेही त्याच दाखल्यात.

न्याय्य की अन्याय्य हे ठरवताना 'ज्यांना मिळाले त्यांना का मिळाले' यापेक्षा 'ज्यांना सर्वांत जास्त गरज होती ते यादीतच का नव्हते' हा प्रश्न मला जास्त टोचतो.

पोटतिडीक

रानवारा, हे ठाऊक नव्हते. सानुग्रह योजनेबद्दलचा माझा आक्षेप मागे घेतो.

पण मूळ शंका राहतेच. उद्या पुन्हा अशी मुभा मिळाली तर लोक मुद्दाम हप्ते थांबवतील ना? आणि भाड्याने राहणाऱ्याने काय पाप केले? त्याचे भाडे कोणी पुढे ढकलले नाही. घर असलेल्याला आयकराच्या जुन्या पद्धतीत २ लाखांपर्यंत व्याजाची वजावट, पंतप्रधान आवास योजनेत व्याज अनुदान, वर संकटात मुभाही.

दूरदेशी

मुद्दाम थकवण्याच्या भीतीवर अमेरिकेचा अनुभव उपयोगी पडेल. २००९ च्या फेब्रुवारीत तिथे ७५ अब्ज डॉलरची घरमालक मदत योजना जाहीर झाली तेव्हा हाच वाद पेटला होता: शेजाऱ्याने ऐपतीबाहेर घर घेतले, त्याचा हप्ता मी का भरू?

त्या योजनेतल्या हप्ता सुधारणेची रचना मात्र आपल्यापेक्षा वेगळी होती. कुटुंबाच्या एकूण मासिक उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर हप्ता आणायचा, हे लक्ष्य. त्यासाठी पायऱ्या ठरलेल्या: आधी व्याजदर खाली, अगदी २ टक्क्यांपर्यंत. तेवढ्याने भागले नाही तर मुदत ४० वर्षांपर्यंत. तरीही नाही तर मुदलाचा काही भाग बिनव्याजी बाजूला. उत्पन्नाचा पुरावा द्यायचा, अडचणीचे कारण लेखी द्यायचे आणि तीन महिने नवा हप्ता वेळेवर भरून दाखवायचा, मगच बदल कायम. स्वतः राहत असलेले घरच पात्र, गुंतवणुकीचे दुसरे-तिसरे घर सुरुवातीला बाहेर.

कागदावर हे गरज मोजणारे होते. फसले ते अंमलबजावणीत. हप्ते गोळा करणाऱ्या कंपन्या तीच कागदपत्रे पुन्हा पुन्हा मागत, गहाळ करत, आणि एका टेबलावर अर्ज पडून असताना दुसऱ्या टेबलावरून जप्तीची कारवाई पुढे सरके. ३० ते ४० लाख कुटुंबांचे लक्ष्य होते, कायम बदल त्याहून बऱ्याच कमी लोकांच्या पदरात पडला.

आपल्याकडे मुद्दाम थकवण्याची भीती त्या मानाने कमी हवी. तिथल्या काही राज्यांत घर सोडून दिले की कर्ज संपते. इथे तसे नाही. लिलावात कमी पैसे आले तर उरलेली रक्कम कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार यांच्या डोक्यावर राहतेच.

भाडेकरूंबद्दल पोटतिडीक यांच्याशी सहमत. मालकीच्या घराला कर आणि अनुदान दोन्हीकडून झुकते माप आहे आणि त्यावर बोलले जात नाही.

मुद्दल

२०२० वर एवढी चर्चा झाली, पण त्याहून मोठा धक्का २०२२-२३ मध्ये बसला आणि त्याला कोणी संकट म्हटलेच नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्के झाला. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मापदंडाला, बहुधा रेपोलाच बांधलेली, तीन महिन्यांच्या आत दर बदलणार.

२०२१ मध्ये ६.७५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ३० लाख घेतलेल्याचा हप्ता २२,८११. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.२५ झाला तर ३० लाखांचे महिन्याचे नुसते व्याज होते २३,१२५. हप्ता व्याजालाही पुरत नाही! काही हप्ते भरून मुद्दल थोडे खाली आले असेल तर जेमतेम पुरतो, आणि मुदत बघावी तर निवृत्तीच्या पुढे. बऱ्याच ठिकाणी हप्ता तसाच ठेवून मुदत गुपचूप वाढवली गेली.

यावर १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने नियम केले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारायचे. बँकेच्या धोरणात असेल तर स्थिर दरावर जाण्याचा पर्याय. हप्ता व्याजापेक्षा कमी पडू द्यायचा नाही. त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकाने दंड 'व्याज' म्हणून लावणे बंद केले. तो 'शुल्क' म्हणून वेगळा दाखवायचा, त्यावर पुन्हा व्याज नाही.

सरकारचा एक रुपयाही खर्च न होता ही मदत झाली, आणि माझ्या मते ती सर्वांत न्याय्य आहे, कारण नियमित भरणारा आणि अडखळणारा दोघांनाही ती सारखीच लागू. ज्यांनी अजून केले नसेल त्यांनी हे करावे: कर्जखात्याचा उतारा काढा, त्यात आजचा दर, उरलेले हप्ते आणि शेवटच्या हप्त्याची तारीख बघा. २०२५ मध्ये रेपो जूनपर्यंत ५.५ वर आला. तुमचा दर तेवढा उतरला नसेल तर कर्ज अजून जुन्या एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँकेने स्वतः ठरवलेल्या दरांवर) आहे का ते तपासा आणि बदलासाठी लेखी अर्ज द्या. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागत नाही, त्यामुळे दुसरीकडे कर्ज हलवायची धमक दाखवता येते.

निळाई

माहिती उत्तम. पण आज ज्याची नोकरी गेली आहे त्याला २०२० ची स्थगिती नाही आणि सानुग्रहही नाही. त्याने नेमके काय करावे?

कलम तेरा

निळाई, यात वेळ हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, म्हणून तारखांपासून सुरू करतो.

समजा ३१ मार्चचा हप्ता भरला गेला नाही. त्याच दिवसअखेर खाते थकित दिसते. ३० एप्रिलला ते एसएमए-१ (बँकेच्या इशारा-यादीतली पायरी), ३० मेला एसएमए-२ आणि २९ जूनला अनुत्पादक, म्हणजे एनपीए. हे दिवस सर्वांत जुन्या न भरलेल्या रकमेपासून मोजतात. भरलेले पैसे आधी जुन्या थकबाकीला जातात. त्यामुळे एक हप्ता चुकला आणि पुढे दरमहा एक भरत राहिलात, तर खाते कायम एका हप्त्याने मागे दिसते, पण ९० दिवस ओलांडत नाही. एकदा मात्र एनपीए झाले की एक-दोन हप्ते भरून सुटका नाही. नोव्हेंबर २०२१ च्या स्पष्टीकरणानुसार व्याज आणि मुदलाची सगळी थकबाकी भरल्यावरच खाते पुन्हा नियमित होते. म्हणून हातात थोडे पैसे असतील तर ते ९० दिवसांच्या आत वापरा. नंतर त्याच पैशाची ताकद निम्मीही राहत नाही.

पहिला हप्ता चुकण्यापूर्वी शाखेला लेखी कळवा. नोकरी गेल्याचे पत्र, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि आता किती भरता येईल तो आकडा द्या. 'काही तरी सवलत द्या' असे मोघम लिहू नका. 'पुढील आठ महिने १८,००० भरू शकतो, नंतर मूळ हप्ता, मुदत १४ महिन्यांनी वाढवावी' असे लिहा आणि पोच घ्या. मात्र महिन्याचा हप्ता किमान व्याजापेक्षा कमी सुचवत असाल तर मुद्दल फुगणार हे धरून चाला. हिशेबनीसांचे गणित तिथेही लागू.

बँक का कचरते, तेही समजून घ्या. अडचणीतल्या कर्जदाराची पुनर्रचना केली की एरवी नियमित असलेले खातेही सर्वसाधारणपणे खालच्या वर्गात टाकावे लागते आणि तरतूद, म्हणजे कर्ज बुडण्याच्या धोक्यापोटी बाजूला ठेवायची रक्कम, वाढते. ६ ऑगस्ट २०२० आणि ५ मे २०२१ च्या खास चौकटींत यातून सूट होती, दोन वर्षांपर्यंत दिलासा देता येत होता. पहिल्या चौकटीत १ मार्च २०२० ला थकबाकी ३० दिवसांपेक्षा जास्त नसावी ही अट होती, अर्जाला मुदत होती. त्या दोन्ही खिडक्या आता बंद आहेत. म्हणून आज 'पुनर्रचना' हा शब्द वापरण्याआधी, दर बदलताना मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, ते विचारा. सिबिलवर 'पुनर्रचित' ही नोंदही टळते.

हप्ता आपोआप वळता होत असेल आणि खात्यात पैसे नसतील, तर ते हलक्यात घेऊ नका. दोन्हीकडचे बाउन्स शुल्क तर लागतेच, शिवाय २००७ च्या देयक आणि निपटारा प्रणाली कायद्याच्या कलम २५ खाली तो चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो.

निळाई

आणि एनपीए होऊन गेले असेल तर?

कलम तेरा

मग सरफेसी कायदा, २००२, म्हणजे न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा. कलम १३(२) ची नोटीस येते, ६० दिवस मिळतात. ती घरी आली की कपाटात ठेवणे ही सर्वांत महागडी चूक. आकडा चुकला असेल, दंडावर दंड लावला असेल, भरलेली रक्कम जमा दिसत नसेल, तर लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते.

६० दिवसांनंतर १३(४) खाली प्रतीकात्मक ताबा: दारावर नोटीस आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातले एक स्थानिक भाषेतले. त्यापासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे कलम १७ चा अर्ज करता येतो. दिवाणी न्यायालयात धावून उपयोग नाही, तिथे मनाई आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. वसुली एजंटाला कुलूप तोडायचा स्वतंत्र अधिकार नाही.

सगळ्यांत जास्त गफलत कलम १३(८) बाबत होते. पूर्वी लिलाव पक्का होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच पूर्ण रक्कम भरावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तेच उचलून धरले. नातेवाइकांकडून पैसे जमवत लिलावाच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्याच्या हातून घर कायमचे जाते.

म्हणून सोडवण्याइतके पैसे उभे राहणार नाहीत हे कळले, की बँकेची लेखी संमती घेऊन स्वतःच गिऱ्हाईक शोधा. ताबा असलेले घर आपण विकले तर लिलावापेक्षा भाव बरा येतो. लिलाव झालाच तर राखीव किंमत कोणत्या मूल्यांकनावर ठरली त्याची प्रत मागा, आणि कर्ज व खर्च वजा जाता उरलेली रक्कम कलम १३(७) प्रमाणे तुमची आहे, ती लेखी मागा.

रानवारा

पतसंस्थेच्या कर्जदारांसाठी भर घालतो: कलम १०१ च्या अर्जाची नोटीस येते तेव्हा उपनिबंधकांसमोर हजर राहून खातेउतारा मागावा. तारखेला कोणी गेले नाही तर संस्थेने लिहिलेलाच आकडा दाखल्यात उतरतो आणि नंतर तो खोडून काढणे फार अवघड जाते. जामीनदारांनाही सोबत न्या, रक्कम त्यांच्याही नावावर निघणार असते.

पासबुक

आणि तक्रार कुठे करायची तेही लिहून ठेवते. आधी बँकेकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन, फी नाही. गृहवित्त कंपनीचे कर्ज असेल तर राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत न मिळाल्यास, उशीर धनकोमुळे झाला असेल तर, दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तो मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही, तेव्हा कर्ज बंद केल्याच्या पत्रावर तारीख घालून घ्या.